मिशी घरगुती, दाढी सरकारी

सारजंट कुणाशीही बोलताना त्याच्या डोळ्यांकडे बघत नसत, हनुवटीकडे बघत. नव्या माणसाला वाटे, आपल्या तोंडाला काहीतरी लागलंय. तो रुमाल काढून ओठ पुसायला लागे. तोवर सारजंटांनी त्याच्या जबड्याचं माप मनातल्या मनात घेतलेलं असे. "मीडियम," ते म्हणत. किंवा, "लार्ज. पण डाव्या बाजूनं गळंल." ऐकणाऱ्याला काही उमगत नसे, आणि समजावून सांगावं असं सारजंटांना वाटत नसे.

तरुणपणी ते हवाई दलात होते. विमान त्यांनी कधी चालवलं नाही. वैमानिकाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क बसवायचा, मागचे पट्टे आवळायचे, हवा कुठून निसटते का ते तपासायचं आणि मग वहीत सही करायची, हे त्यांचं काम. त्या नोकरीतून सुटून पंचवीस वर्षं होऊन गेली होती, पण माणसाचा चेहरा म्हणजे मास्क टेकवायची जागा ही समजूत काही सुटली नव्हती. भाचीसाठी स्थळ बघून आल्यावर घरच्यांनी विचारलं, मुलगा कसा वाटला? सारजंट म्हणाले, "चांगला हाय. कुटंच गळत न्हाय." तेवढ्यावर लग्न ठरलं म्हणतात. भाची सुखात आहे.

त्यांचं खरं नाव कारखान्याच्या हजेरीपटावर होतं, पण तिथून ते कधी कुणाच्या तोंडी आलं नाही. मालकांपासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना सारजंटच म्हणत.

हा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलचा. सारजंट तिथे स्टोअर सांभाळत आणि कामगारांच्या सुरक्षेचंही बघत. मी डिस्पॅचच्या टेबलावर होतो. कुठल्या खोक्यात किती टॉवेल, कुठला रंग, कुठल्या देशाला, याच्या याद्या करायचो. माझ्याकडे विमान चालवायचं लायसन होतं हे तिथे कुणाला माहीत नव्हतं. मीच सांगितलं नव्हतं. लायसन मिळून दोन वर्षं होत आली होती, एका कंपनीच्या इंटरव्ह्यूत नापास झालो होतो, आणि "काय मग, विमान कधी?" हा प्रश्न सांगोल्यात इतक्यांदा ऐकला होता, की सोलापुरात तरी तो नको होता.

सारजंटांचा खरा दरारा रंगखान्यात. सूत रंगवायच्या त्या लांबट शेडमध्ये आठ माणसं काम करत, आणि तिथली वाफ नाकात गेली की दिवसभर डोकं धरे. पूर्वी ती माणसं तोंडाला टॉवेल बांधून काम करत. सारजंट आले आणि त्यांनी मालकांच्या मागे लागून हवा गाळायच्या दोन डब्यांचे रबरी मास्क आणवले. मग रोज सकाळी ते रंगखान्याच्या दारात उभे राहत. प्रत्येकाच्या गालावरून, जबड्याखालून तर्जनीची मागची बाजू फिरवत. मऊ लागलं तर "जा." खरखरीत लागलं तर "खुंट हाय. नळावर जा." स्टोअरमध्ये सुईदोऱ्याशेजारी त्यांनी रेझरचं अख्खं पाकीट ठेवलेलं असे.

"मास्क आणि कातडं यात केस आला की हवा आत शिरती," ते सांगत. "मग मास्क घातला काय आणि कपाळाला बांधला काय, सारखंच."

रंगखान्यातला सगळ्यात जुना माणूस नरसय्या. त्याच्या मिशा भरघोस, पिळलेल्या. मास्कचा नियम आला तेव्हा तो दोन दिवस कामावरच आला नाही. त्याला वाटलं आता मिशाही जाणार. सारजंट स्वतः त्याच्या घरी गेले. मास्क घेऊन गेले होते. तो त्याच्या तोंडाला लावून त्यांनी दाखवलं, की रबराची कड नाकाच्या वरून आणि हनुवटीच्या खालून जाते. मिशी मधे, आतल्या पोकळीत राहते.

"मिशी तुझी घरगुती बाब हाय," सारजंट म्हणाले. "तिच्यात मी न्हाय पडणार. दाढी सरकारी."

तेव्हापासून हे वाक्य कारखान्यात रूढ झालं. कुणाचं बायकोशी बिनसलं की बाकीचे म्हणत, मिशीचा मामला आहे, सोडा.

दाढी ठेवणाऱ्यांचा त्यांना राग होता असं मात्र नाही. एका पोरानं नवस म्हणून दाढी राखली होती. सारजंटांनी त्याला एका शब्दानं दुखावलं नाही. त्याच दिवशी पॅकिंगला बदली करून दिली. नवस फिटल्यावर तो दाढी उतरवून आला, तेव्हा स्वतः जाऊन त्याला रंगखान्यात परत आणलं आणि बाकीच्यांना म्हणाले, "ह्यानं देवाचं बी पाळलं आणि माझं बी."

माझीही दाढी होती. छातीपर्यंतची नव्हे, बोटभर, कोरलेली. त्यामागे कारण होतं. दाढी काढली की मी दहावीतला मुलगा दिसतो. पहिल्या इंटरव्ह्यूला मी गुळगुळीत तोंडानं गेलो होतो. दारातल्या बाईंनी मला विचारलं, "कुणाबरोबर आलात?" आत गेल्यावर एक जण हसत म्हणाले, शाळा बुडवून आला नाहीत ना? ते सहज म्हणाले असतील, पण त्यानंतर माझी जीभ जी टाळ्याला चिकटली ती शेवटपर्यंत. येत असलेली उत्तरंसुद्धा आली नाहीत. परत आल्यावर मी दाढी वाढवली. आरशात बघितलं की निदान असं वाटायचं, की याच्या हातात कुणी गाडीची किल्ली तरी देईल.

दुसऱ्या कंपनीचं इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं आणि मला चार दिवसांची रजा हवी होती. रजेच्या अर्जावर कारण लिहावं लागलं. अर्ज ऑफिसातून फिरला आणि दुपारपर्यंत सारजंटांच्या कानावर गेला. ते स्टोअरमधून उठून डिस्पॅचला आले. नेहमीसारखेच माझ्या हनुवटीकडे बघत उभे राहिले, पण जरा जास्त वेळ.

"पायलट हायस म्हणं."

"लायसन आहे, सर. नोकरी नाही."

"आणि हे काय हाय?"

"दाढी."

"ते दिसतंय की. इमानातली हवा गेली तर मास्क घालायचाय न्हवं तुला? पाच सेकंदांत, एका हातानं?"

"हो."

"तो बसंल का हिच्यावर?"

मी म्हणालो की आजकाल बरेच जण ठेवतात, मास्कमधला ऑक्सिजन जोरात येतो, थोडंफार चालत असेल. 'असेल' हा शब्द मी सारजंटांसमोर वापरायला नको होता.

"रविवारी घरी ये," ते म्हणाले. "सकाळी. न खाता ये."

सारजंट शुक्रवार पेठेत राहत. घर लहान, पण मागे फरसबंदी अंगण होतं आणि अंगणाच्या कडेला एक कोठीची खोली, पूर्वी सरपणाची असावी. मी गेलो तेव्हा काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, अंगणात पाटावर बसून शेंगा फोडत होत्या. मला बघून त्या म्हणाल्या, "तू पायलट व्हय? बस. आधी पाणी पी. नंतर पिता येणार न्हाय तुला." मग आत बघून मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, चार मिरच्यांत भागवा. साकु. मागच्या खेपेला शेजारचं लेकरू रडत हुतं."

काकू अक्कलकोटकडच्या, 'पुरे' म्हणायचं झालं की त्यांच्या तोंडून हमखास कानडी 'साकु' निघे. चाळीस वर्षांच्या संसारात हा शब्द त्यांना फार वापरावा लागला असणार.

कोठीच्या खोलीत शेगडीवर निखारे होते. सारजंटांनी रंगखान्यातला असतो तसला रबरी मास्क माझ्या तोंडाला लावला, पट्टे मागे ओढले, डोळ्यांवर पोहायचा चष्मा चढवला. मग कागदाच्या पुडीतून वाळक्या मिरच्या मोजून काढल्या.

"ब्याडगी रंगाला, लवंगी ठसक्याला," ते म्हणाले. "टेस्टला लवंगीच लागती. आत बस. शंभरपातुर मोज. मोठ्यानं मोज, मला बाहीर ऐकू आलं पायजे."

मिरच्या निखाऱ्यावर पडल्या, दार बंद झालं. मी मोजायला लागलो. नऊपर्यंत काही झालं नाही. दहाव्याला घशात सुई टोचल्यासारखं झालं. चौदाला मी खोकलो, सतराला मोजणं थांबलं आणि त्यानंतर मी दारावर कुठल्या हातानं थापा मारल्या ते आठवत नाही. बाहेर आलो तो अंगणात दुमडून बसलो. काकूंनी पाठीवर हात फिरवला, गूळ दिला. सारजंट वहीत लिहीत होते.

"सतरा," ते म्हणाले. "इमान असतं तर सतरापातुर तू आणि तुज्यामागची दीडशे माणसं."

अंगणातल्या खिळ्याला आरसा लावलेला होता, खाली तांब्यात गरम पाणी, साबण, रेझर. म्हणजे सगळं आधीच ठरलेलं होतं. मला राग यायला हवा होता. पण घसा इतका पोळला होता, की रागावायला जागा नव्हती. मी वडिलांना फोन लावला. सांगोल्यात ते डाळिंबाच्या बागेत होते, मागे शेरडं ओरडत होती. मी म्हणालो, दाढी काढतोय.

"काढ की," वडील म्हणाले. "मला तर ती आवडतच नव्हती. पर मिशीला हात लावू नको. मी हाय अजून."

आमच्याकडे बाप गेल्यावरच मिशी उतरवतात. मी सारजंटांना तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "मिशीचं मी इचारलंच न्हाय तुला," ते म्हणाले.

दाढी काढली. आरशात तोच दहावीतला मुलगा होता, फक्त आता त्याला गॅदरिंगच्या नाटकासाठी मिशी चिकटवल्यासारखी दिसत होती. माझा चेहरा पडलेला सारजंटांनी पाहिला असावा. त्यांनी मास्क पुन्हा चढवला आणि मला आत बसवून दार लावलं.

या खेपेला मी शंभरपर्यंत मोजलं. खोली मिरचीच्या धुरानं निळसर झाली होती, हाताची कातडी चुरचुरत होती, आणि माझ्या नाकात फक्त रबराचा वास. शंभर झाल्यावर मी दार वाजवलं. बाहेरून आवाज आला, "गळतंय का?" मी म्हणालो, नाही. "मग बस की. घाई काय हाय?" मी दोनशेपर्यंत मोजलं. दोनशेनंतर मला हसू यायला लागलं. मी अकराचा पाढा म्हटला, मग विमानात बिघाड झाल्यावर करायची कामं एकामागून एक मोठ्यानं म्हटली, सगळी, न चुकता. पहिल्या इंटरव्ह्यूत हीच मला आठवली नव्हती.

बाहेर आलो तेव्हा सारजंट म्हणाले, "आवाज चांगला हाय तुजा. लोकांना पायलटचं तोंड कुटं दिसतं? आवाज ऐकू येतो."

इंटरव्ह्यू दिल्लीजवळच्या एका ऑफिसात होता. बाहेरच्या खोलीत वीस-बावीस मुलं, सगळ्यांचे निळे सूट जणू एकाच ताग्यातले. निम्म्यांचे गाल तुकतुकीत. काहींनी दोन दिवसांचे खुंट मुद्दाम राखून कोरलेले. एक जण स्वच्छतागृहातल्या आरशासमोर कोरडाच रेझर फिरवत होता. त्याला कुणीतरी आत्ताच सांगितलं होतं, की दाढी चालत नाही. त्याच्या गळ्यावर दोन ठिकाणी रक्त आलं होतं. मी त्याला टिश्यू दिला आणि त्यानं मला विचारलं, तू कितवीत आहेस? तो थट्टा करत होता. मलाही हसू आलं, याचं माझं मलाच आश्चर्य वाटलं.

आत तिघे होते. एक बाई, एक वयस्कर कॅप्टन, आणि मधे बसलेले दुसरे कॅप्टन, ज्यांना बघून माझे पाय जागच्या जागी थांबले. त्यांना दाढी होती. नीट कापलेली, आखूड, पण दाढीच.

त्यांनी माझा अर्ज उघडला, फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "फोटोत दाढी आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "आज नाही. का काढलीत?"

तयार उत्तर होतं माझ्याकडे. व्यवस्थित दिसावं म्हणून, कंपनीच्या शिस्तीचा आदर म्हणून, वगैरे. ते म्हणायला मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "मास्क गळत होता, सर."

"कुठला मास्क?"

मग मला सगळं सांगावं लागलं. टॉवेलचा कारखाना, रंगखाना, कोठीची खोली, लवंगी मिरची, सतरा आणि दोनशे. बाईंनी लिहिणं थांबवलं. वयस्कर कॅप्टन खुर्चीत पुढे सरकले आणि त्यांनी विचारलं, डोळ्यांचं काय केलंत? मी पोहायच्या चष्म्याचं सांगितलं. दाढीवाले कॅप्टन मात्र हसले नाहीत.

"आमच्या कंपनीत आता एवढी दाढी चालते," ते म्हणाले. "नियम बदललाय. तुमच्या म्हणण्याप्रमाणे मग माझा मास्कही गळत असणार."

नाही म्हटलं तर मी आत्ताच जे सांगितलं ते खोटं ठरत होतं. हो म्हटलं तर ज्याच्या हातात माझी नोकरी होती, त्यालाच मी गळका म्हणत होतो. मला सारजंटांची वही दिसली, आणि सही करण्याआधी त्यांनी दोनदा तपासलेले पट्टे.

"तुमचा मास्क तपासल्याशिवाय मला सांगता येणार नाही, सर," मी म्हणालो.

त्यांनी विचारलं, "मिरच्या आणल्यात?"

"नाही सर. सोलापूरहून मागवता येतील."

वयस्कर कॅप्टन खो खो हसले. त्यानंतर विमानाचे प्रश्न सुरू झाले. एकाचं उत्तर मला आलं नाही आणि मी येत नाही म्हणून सांगितलं. बाकीची आली. बाहेर पडलो तेव्हा मला वाटत होतं, आपण दोन वर्षांतलं सगळ्यात बरं बोललो आणि नोकरी घालवून आलो.

सोलापूरला परतल्यावर सारजंटांसमोर जायचा धीर करायला मला एक दिवस लागला. शेवटी स्टोअरमध्ये जाऊन सांगून टाकलं, की त्या कंपनीत दाढी चालते.

सारजंट स्पॅनर पुसत होते. "टेस्ट केलीया त्यांनी?"

"केली असणार."

"कुटल्या लांबीला? कसला मास्क हाय?"

"विचारलं नाही."

"इचारायचं हुतं," ते म्हणाले, आणि स्पॅनर पुसत राहिले. मग आपणहून बोलले. "सरदारजींचे मास्क मीच बसवायचो. दाढी बांधून, पट्टं बदलून. एकेकाला अख्खी सकाळ लागायची. गळायचं थांबस्तवर सोडत नव्हतो."

मला ते ऐकून चीड आली. "मग माझी कशाला काढायला लावलीत?"

"तुज्यासाटी अख्खी सकाळ कोण देणार हुतं?"

मी चिडूनच डिस्पॅचला परतलो. पण सारजंट माझ्यापेक्षा जास्त अस्वस्थ झाले होते. एवढी वर्षं आपण जे सांगत आलो ते स्वतःवर कधी तपासलं नाही, हे त्यांच्या मनाला लागलं असावं. सोमवारी ते कामावर आले ते दाढी न करता.

जन्मात कुणी सारजंटांच्या गालावर खुंट पाहिला नव्हता. कारखान्यात कुजबुज सुरू झाली. दुसऱ्या दिवशीही तसेच आले, तेव्हा सगळ्यांची खात्री पटली, की घरात कुणीतरी गेलंय आणि सुतक आहे. नरसय्या टोपी हातात घेऊन स्टोअरमध्ये गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "सारजंटसाब, कोण गेलं?" सारजंट म्हणाले, "कोण न्हाय." नरसय्याला वाटलं, दुःखात आहेत, बोलवत नाही. त्यानं वर्गणी काढून हार आणला. चौथ्या दिवशी अक्कलकोटहून काकूंचे भाऊ येऊन थडकले. त्यांना कुणीतरी कळवलं होतं. दारात काकूंना हसताखेळताना पाहून ते ओट्यावरच बसले आणि त्यांनी आधी पाणी मागितलं.

सारजंट मात्र शांतपणे प्रयोग करत होते. दर चौथ्या दिवशी कोठीच्या खोलीत निखारे, लवंगी मिरची, तोंडाला मास्क. बाहेर काकू घड्याळ घेऊन बसायच्या. शेवटी काकूंनी शेजाऱ्यांना दिवस सांगून ठेवले, म्हणजे ते खिडक्या लावून घ्यायचे. दोन महिने हे चाललं. मधल्या काळात मला कंपनीची निवडीची मेल आली. पेढे घेऊन मी शुक्रवार पेठेत गेलो, तेव्हा सारजंट नुकतेच खोलीतून बाहेर आले होते आणि खोकत होते. मी पाया पडलो. त्यांनी एका हातानं आशीर्वाद दिला, दुसऱ्या हातानं काकूंना खूण केली. त्यांना आकडा लिहून घ्यायला सांगत होते.

प्रयोगाचा निष्कर्ष त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला. ते पान मला दाखवलं. 'खुंट असता गळती फार. दाढी वाढल्यावर कमी. पट्टे आवळल्यास आणखी कमी. शून्य नाही. दुसऱ्या मास्कविषयी मत नाही.' खाली सही.

"ह्याची नक्कल तुज्या कॅप्टनला दे," ते म्हणाले. कामावर रुजू झाल्यावर मी ती दाढीवाल्या कॅप्टनना खरंच दिली. भाषांतर करून सांगितलं. त्यांनी शेवटचं वाक्य दोनदा वाचून घेतलं आणि कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला. पुढे काय केलं ते मला माहीत नाही.

त्यानंतरची हकिकत काकूंनी सांगितली. निष्कर्ष लिहून झाल्यावर सारजंट आरशासमोर गेले, तोंडाला साबण लावणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "राहू द्या की. बरी दिसतीया."

सारजंट ब्रश घेऊन तसेच उभे राहिले.

"गळती हाय," ते म्हणाले.

"मला कुटं मास्क बसवायचाय तुमाला?" काकू म्हणाल्या. आणि शेंगा फोडायला बसल्या.

सारजंटांनी ब्रश धुऊन ठेवला. पांढरीशुभ्र, दाट दाढी होती ती. खरंच शोभत होती. दुसऱ्या दिवशी ते कामावर आले आणि स्टोअरमध्ये बसून त्यांनी एक नोटीस लिहिली. स्वच्छ अक्षरात, वर तारीख, विषय, संदर्भ. 'सदर सुरक्षा पर्यवेक्षकाने घरगुती कारणास्तव दाढी राखली असल्याने त्यास रंगखान्यात प्रवेश बंद करण्यात येत आहे. आज्ञेवरून.' खाली आज्ञा देणारा म्हणून त्यांचीच सही, आणि नोटीस मिळाली म्हणून शेजारी पुन्हा त्यांचीच. मालकांनी त्यांना समजावलं, की तुम्ही दोन मिनिटं आत गेलात तर काय होतंय? सारजंट म्हणाले, "मी गेलो तर उद्या कुणाला अडवू?" मग रंगखान्याच्या उंबऱ्याबाहेर त्यांनी पिवळ्या रंगाची रेघ मारून घेतली.

गेल्या महिन्यात सुट्टीवर आलो होतो, तेव्हा कारखान्यात गेलो. डिस्पॅचला नवी मुलगी होती. स्टोअर बंद होतं. सारजंट रंगखान्याच्या दाराशी रेघेबाहेर उभे होते, हात मागे बांधून. आत नरसय्या मास्क घालून माणसांमधून फिरत होता आणि सारजंट बाहेरून सांगत होते, "तिसऱ्याचा डावा पट्टा बघ. ढिला हाय." नरसय्या अंगठा वर करून दाखवत होता.

मी नमस्कार केला आणि म्हणालो, जरा आत जाऊन सगळ्यांना भेटून येतो.

सारजंटांनी माझ्या हनुवटीकडे बघितलं. "दाढी कधी केलीस?"

"काल दुपारी. कालपासून सुट्टी आहे, सर."

"मग हितंच थांब माज्यासंगं."

मी थांबलो. थोड्या वेळानं आतून कुणीतरी चहाचे दोन कप रेघेपर्यंत आणून ठेवले. आम्ही वाकून ते उचलले आणि बाहेर उभे राहून प्यायलो. आत वाफेत नरसय्या एका नव्या मुलाच्या मास्कचा पट्टा आवळत होता. मुलगा घाबरून ताठ उभा होता. सारजंट मान लांब करून, टाचा उचलून बघत होते, पण पाय रेघेच्या अलीकडेच होते.